तैवानमध्ये जमले ते टोकियोत का अडले? जपानी प्रशासक गोतो शिंपेईच्या कारकिर्दीबद्दल

नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: "गोतो शिंपेईने तैवानची घडी आठ वर्षांत बसवली. मग 1923 च्या भूकंपानंतर, गृहखाते हातात असताना, टोकियोचा त्याचा आराखडा चार महिन्यांत का कोसळला? माणूस तोच, हुशारी तीच. मग दोष त्याचा की लोकशाहीचा?"

मी 31 वर्षे नगररचना खात्यात काढली. त्यातली बरीच वर्षे टीपी स्कीमच्या, म्हणजे मालकांचे भूखंड नव्याने आखून परत देणाऱ्या नगररचना योजनांच्या, कामात गेली, आणि त्याच कामामुळे जपानी नगररचनेकडे आणि गोतोकडे वळलो. त्यामुळे माझे उत्तर कचेरीत बसून हरकती ऐकलेल्या माणसाचे आहे, एवढे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्नात एक गृहीतक दडले आहे. तैवानमधले काम आणि टोकियोतले काम एकाच तराजूत टाकून तुम्ही विचारता आहात की पारडे का हलले. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे: प्रत्येक ठिकाणी गोतोला कोणाची संमती लागत होती, आणि "नाही" म्हणायचा अधिकार कोणाला होता? हा धागा धरला की त्याची सगळी कारकीर्द उलगडत जाते.

आधी माणूस थोडक्यात. जन्म 1857, ईशान्य जपानमधल्या मिझुसावा गावी, आताच्या इवाते प्रांतात. घर सामुराईचे, पण मेइजी क्रांतीत हरलेल्या बाजूचे. शिक्षण डॉक्टरकीचे. पंचविशीच्या आसपास तो नागोयातल्या सरकारी रुग्णालयाचा आणि वैद्यकीय शाळेचा प्रमुख झाला. 1882 मध्ये गिफू येथे उदारमतवादी नेते इतागाकी ताइसुके यांच्यावर खुनी हल्ला झाला तेव्हा उपचाराला धावलेला डॉक्टर हाच. पुढच्या वर्षी तो गृहखात्याच्या आरोग्य विभागात गेला, मग जर्मनीत म्युनिकला पेटेनकोफर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य शिकला आणि 1892 मध्ये त्या विभागाचा प्रमुख झाला. एवढे चढल्यावर एका सरदार घराण्याच्या भानगडीत, ज्याला सोमा प्रकरण म्हणतात, तो तुरुंगात गेला. निर्दोष सुटला, पण नोकरी गेली होती.

त्याला पुन्हा उभे केले ते निनोशिमाच्या कामाने. 1895 मध्ये चीनशी झालेले युद्ध संपले आणि दोन लाखांहून अधिक सैनिक जहाजांनी परतू लागले. त्यांच्यात कॉलरा होता. हिरोशिमाजवळच्या निनोशिमा बेटावर विलगीकरण आणि वाफेने निर्जंतुकीकरण करण्याचे केंद्र अवघ्या काही आठवड्यांत उभारायचे होते. लष्कराच्या बाजूने हे काम जनरल कोदामा गेंतारो पाहत होते. जिंकून आलेल्या सेनापतींना घरी जायची घाई, आणि हा नागरी डॉक्टर त्यांना अडवून आंघोळ घालतो, कपडे उकळतो! तक्रारींच्या तारांचा पाऊस पडला. असे सांगतात की कोदामांनी त्या सगळ्या तारा एका पेटीत ठेवल्या, गोतोला काम संपेपर्यंत दाखवल्याही नाहीत, आणि शेवटी पेटीच त्याच्या हातात दिली.

ही गोष्ट मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगत आलो. कारण गोतोच्या यशाची यंत्रणा तिथेच दिसते. वरचा माणूस तक्रारी अंगावर घेतो, खालचा माणूस काम करतो. कोदामा नावाची ती भिंत असेपर्यंत गोतो थांबला नाही.

आता तैवान. 1895 मध्ये ते बेट जपानकडे आले. पहिली तीन वर्षे बंडे, साथी आणि भ्रष्ट अधिकारी यांत गेली. ते विकून टाकावे अशीही भाषा टोकियोत चालू होती. 1898 मध्ये कोदामा गव्हर्नर-जनरल झाले आणि नागरी कारभार गोतोकडे आला. कोदामा पुढे बराच काळ टोकियोत मंत्रीही होते, त्यामुळे बेटावरचा रोजचा कारभार गोतोच हाकत असे. आल्या आल्या त्याने हजारावर अधिकारी घरी पाठवले. आणि मोठ्या घोषणा करण्याऐवजी मोजणीला हात घातला.

या मोजणीवर मी जरा थांबतो, कारण ती मला जवळची आहे. तैवानमधल्या जमिनीवर तीन थर होते: वर मूळ सनदेचा "मोठा खंड" (जमिनीचे भाडे) घेणारे, मध्ये "लहान खंड" घेणारे, आणि खाली प्रत्यक्ष कसणारे कूळ. कोकणातल्या माणसाला खोत म्हटले की वरच्या थराचा अंदाज येईल. 1898 ते 1904 या काळात गावोगाव मोजणी झाली. कागदावर होती त्यापेक्षा लागवडीखालची जमीन कितीतरी जास्त निघाली. मग सरकारने वरच्या थराला रोखे देऊन त्याचा हक्क विकत घेतला, मधल्याला मालक ठरवले आणि सारा त्याच्यावर बसवला. साऱ्याचे उत्पन्न तिपटीहून अधिक झाले. कसणारे कूळ मात्र होते तिथेच राहिले, हे विसरू नका. जोडीला क्योतोचे कायदेपंडित ओकामात्सु सांतारो यांना बोलावून जुन्या चालीरीतींची तपासणी सुरू केली: दत्तक कसे घेतात, वाटण्या कशा होतात, गहाण म्हणजे काय समजतात. 1905 मध्ये तैवानची जनगणना झाली. खुद्द जपानची पहिली जनगणना 1920 ची आहे!

यामागचा विचार तो "जीवशास्त्राचे तत्त्व" म्हणून सांगे. लेपीसारख्या चपट्या माशाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. ते विचित्र दिसतात म्हणून दुसऱ्या माशासारखे दोन्ही बाजूंना बसवायला जाल तर मासा मरेल. समाजाचेही तसेच, आधी तो कसा बनला आहे ते पाहा, मग कायदा करा. आपल्याकडे आधी जमिनीवर आरक्षण टाकून मग सातबारा शोधणारे आराखडे मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून या विचाराबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण आदर इथेच संपवला तर ते अर्धवट होईल. 1896 च्या कायदा क्रमांक 63 ने गव्हर्नर-जनरलला कायद्याच्या ताकदीचे हुकूम काढण्याचा अधिकार दिला होता. तैवानी माणसाला मत नव्हते आणि त्याचा प्रतिनिधी कुठे बसत नव्हता. नोव्हेंबर 1898 चा "लुटारू शिक्षा हुकूम" असा होता की टोळीने प्रतिकार केला तर शिक्षा मृत्यूची, आणि प्रयत्न फसला तरी तीच. 1898 ते 1902 या काळात "लुटारू" म्हणून मारलेल्यांचा आकडा सुमारे 12 हजार आहे, आणि तो गोतोच्याच लिखाणातून आलेला आहे. मे 1902 मध्ये दोउलिउ भागात तर शरण आलेल्यांना समारंभाला बोलावून तिथेच गोळ्या घातल्या गेल्या. होको पद्धतीत दहा घरांचा एक गट आणि अशा दहा गटांचा वरचा गट. एकाने गुन्हा केला तर बाकीच्यांनाही झळ. याच गटांकडून प्लेगचे उंदीर पकडून घेतले, रस्ते बांधून घेतले आणि खबरीही काढल्या.

अफूचेही दोन पदर आहेत. एकदम बंदी घातली तर व्यसनी माणसे मरतील आणि तस्करी वाढेल, म्हणून नोंदणीकृत व्यसनींनाच परवाना, नवीन परवाने बंद, विक्री फक्त सरकारी, ही गोतोची योजना. 1900 च्या सुमारास 1 लाख 69 हजार परवानाधारक होते. ती संख्या पुढे खरोखर घटत गेली. पण अफू, मीठ आणि कापूर यांच्या मक्तेदारीवर सरकारचा खजिनाही चालत होता. जो व्यसन सोडवणार तोच विकून कमावणार! तैवानने 1905 पर्यंत टोकियोचे अनुदान घेणे थांबवले, याचे कौतुक वाचताना हे उत्पन्न कुठून आले तेही वाचा.

तेव्हा "तैवानची घडी बसवली" या वाक्यात माझी दुरुस्ती अशी: ज्यांची घडी बसवली त्यांना विचारण्याची गरजच नव्हती. रेल्वे, बंदर, पाणीपुरवठा, कृषितज्ज्ञ नितोबे इनाझो यांच्या अहवालावर उभा राहिलेला साखर उद्योग, हे सगळे खरे आहे. त्यातले कौशल्यही खरे आहे. पण कामाचा वेग कौशल्याने आला, असे म्हणता येत नाही. तो हरकत घेणारा कोणी नसल्यामुळे आला.

याची परीक्षा घ्यायची असेल तर अशी ठिकाणे पाहा जिथे गोतोला संसदेकडे जावे लागले. तैवानच्या कामांसाठी त्याने 6 कोटी येनचे कर्जरोखे मागितले. 1899 मध्ये संसदेने साडेतीन कोटीच मंजूर केले. म्हणजे तैवानच्या त्या "यशस्वी" काळातसुद्धा, जिथे संमती लागली तिथे कात्री लागली होती. 1906 मध्ये तो ईशान्य चीनमधल्या दक्षिण मांचुरिया रेल्वेचा पहिला अध्यक्ष झाला. ही 20 कोटी येन भांडवलाची कंपनी, निम्मे भांडवल सरकारचे. तिथे पुन्हा मोकळे रान होते. दीड-दोन वर्षांत मुख्य मार्गाच्या रुळांमधले अंतर प्रमाण रुंदीचे (स्टँडर्ड गेज) झाले, संशोधन विभाग उभा राहिला, दालियन शहर वाढले. रुग्णालये, शाळा आणि प्रयोगशाळा म्हणजे "नागरी वेषातली युद्धसज्जता", हे त्याचेच शब्द. पुढे त्या वेषातून काय बाहेर आले ते मांचुरियाने भोगले.

1908 मध्ये तो दळणवळण मंत्री आणि नव्या रेल्वे मंडळाचा अध्यक्ष म्हणून जपानात परतला. जपानची अरुंद रेल्वे प्रमाण रुंदीची करायची, हा त्याचा ध्यास. हारा ताकाशी आणि त्यांच्या सेइयुकाई पक्षाचे म्हणणे वेगळे होते: त्याच पैशात खेडोपाडी नवे मार्ग काढा. मतदार तिथे होते. 1910-11 ची योजना अडली. 1916 नंतर पुन्हा मंत्री झाल्यावर त्याने योकोहामा मार्गावर रुंदीबदलाचा प्रयोगही करवला. तोही हारा पंतप्रधान झाल्यावर बासनात गेला. त्या प्रयोगातले अभियंते शिमा यासुजिरो. त्यांचे चिरंजीव शिमा हिदेओ यांनी 1964 ची शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) घडवली, प्रमाण रुंदीवरच. ही परंपरा मला फार मोलाची वाटते.

इथवरचा हिशेब असा: वरिष्ठाचा वरदहस्त आणि खाली बोलायला कोणी नाही, तिथे गोतो अफाट काम करतो. पक्ष, मतदार आणि अर्थसंकल्प आला की अडतो. तो कनिष्ठ सभागृहात कधीच निवडून गेला नाही, वरिष्ठ सभागृहात नेमणुकीने बसला. 1913 मध्ये कात्सुरा तारो यांच्या नव्या पक्षात गेला आणि कात्सुरा वारल्यावर त्याच वर्षी बाहेर पडला. पक्षबांधणी त्याला जमली नाही. कोदामा तर 1906 मध्येच गेले होते.

आता टोकियो. डिसेंबर 1920 मध्ये तो महापौर झाला. 1921 मध्ये त्याने 80 कोटी येनचा शहर सुधारणा आराखडा मांडला, म्हणजे देशाच्या वार्षिक अर्थसंकल्पाच्या निम्म्याहून अधिक. लोक त्याला "मोठे फडके" म्हणत. जपानीत मोठ्या बाता मारणाऱ्याला मोठ्या गाठोड्याचे फडके म्हणतात. धनाढ्य बँकर यासुदा झेन्जिरो मात्र त्याच्या पाठीशी होते. पण सप्टेंबर 1921 मध्ये त्यांचा खून झाला. यासुदांच्या देणगीतून नगरप्रशासन संशोधन संस्था उभी राहिली आणि तिच्यासाठी न्यूयॉर्कहून अमेरिकी इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांना बोलावले गेले. आधी तपासणी, मग आराखडा, ही तैवानची सवय इथेही दिसते.

1 सप्टेंबर 1923, दुपारी 11 वाजून 58 मिनिटे. जेवणाची वेळ, चुली पेटलेल्या. एक लाखाहून अधिक माणसे गेली, त्यातली बहुसंख्य आगीने. होंजो भागातल्या एका मोकळ्या मैदानावर आसऱ्याला आलेली सुमारे 38 हजार माणसे आगीच्या वावटळीत संपली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोतो यामामोतो गोन्नोह्योए यांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री झाला. असे सांगतात की त्याने त्याच रात्री धोरण लिहिले: राजधानी हलवायची नाही, पुनर्रचनेला 300 कोटी येन, अद्ययावत नगररचना, आणि जमीनमालकांपुढे नमायचे नाही. बिअर्ड यांची तार आली: रस्ते आखा, रस्त्याची रेषा ठरल्याशिवाय बांधकाम बंद करा, रेल्वे स्थानके एकत्र करा. आपत्तीनंतरच्या नगररचनेत यापेक्षा नेमका सल्ला मला माहीत नाही.

त्याच दिवसांत अफवांवरून जमावांनी, आणि काही ठिकाणी पोलीस व सैनिकांनीही, हजारो कोरियन माणसांना मारले. पोलीस गृहखात्याखाली होते. गोतो खुर्चीवर बसला त्या आधीच अफवा पसरल्या होत्या, पण हत्या पुढेही दिवसेंदिवस चालू राहिल्या. पुनर्रचनेचा नायक म्हणून त्याचे चित्र रंगवताना हा भाग गाळला जातो. तुमच्या प्रबंधात तो गाळू नका.

गोतोची मूळ कल्पना अशी होती की जळालेली सगळी जमीन सरकारने रोखे देऊन विकत घ्यावी, नव्याने आखावी आणि मग परत द्यावी. तैवानमधल्या वरच्या थराच्या खंडाची आठवण येते ना? तीच युक्ती, पण समोरची माणसे वेगळी. पुनर्रचना परिषदेत ज्येष्ठ राजकारणी इतो मियोजी यांनी खासगी मालकीच्या हक्कावरून योजनेवर कडाडून हल्ला चढवला. सेइयुकाईने संसदेत आणखी कात्री लावली. 300 कोटींपासून सुरू झालेली रक्कम सुमारे 47 कोटींवर आली. डिसेंबरअखेर युवराजांवर गोळी झाडली गेली, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि जानेवारी 1924 मध्ये गोतो घरी गेला.

मग दोष लोकशाहीचा का? घाई करू नका. 1923 मध्ये मत होते ते ठरावीक प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषांनाच. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार देणारा कायदा 1925 चा. होंजो-फुकागावाच्या खोल्यांत भाड्याने राहणारा कामगार, ज्याचे घर सर्वांत आधी जळाले, त्याला मत नव्हते. अडवले ते लोकांनी नव्हे, मालमत्ता असलेल्यांनी. आणि ज्यांना अरुंद गल्ल्यांचा खरा धोका होता त्यांच्यापर्यंत गोतो आपली बाजू घेऊन गेला नाही. त्याला ती सवयच नव्हती. तैवानने त्याला मोजणी शिकवली, समजूत घालणे शिकवले नाही.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. एका तालुक्याच्या गावी टीपी स्कीमचा मसुदा आम्ही चार भिंतींत तयार केला. नकाशा निर्दोष होता. हरकतींच्या सुनावणीला पहिल्याच दिवशी दोनशे माणसे आली, आणि त्यातल्या बहुतेकांना अंतिम भूखंड (योजनेनंतर परत मिळणारा) म्हणजे काय हेच कोणी सांगितले नव्हते. जमीन जाणार एवढेच त्यांनी ऐकले होते. ती स्कीम अकरा वर्षे लोंबकळली. पुढच्या ठिकाणी मी उलट केले. मसुद्याआधी वॉर्डावॉर्डात बसलो, प्रत्येकाला त्याचा मूळ भूखंड आणि प्रस्तावित भूखंड कागदावर शेजारी शेजारी काढून दाखवला. हरकती तिथेही आल्या, पण त्या "माझा कोपरा इकडे सरकवा" अशा होत्या. यश परिस्थितीवरही अवलंबून असते, हे मान्य: जमिनीचे भाव, वारसांचे वाद, नगराध्यक्ष कोण, सगळ्यावर. तरी हा फरक मी डोळ्यांनी पाहिला.

टोकियोतही शेवटी हेच घडले, आणि ते गोतो गेल्यानंतर घडले. जमीन विकत घेण्याऐवजी भूखंड पुनर्रचना आली, आपल्या टीपी स्कीमसारखीच: प्रत्येकाने थोडी जमीन सोडायची, रस्ते-बागा निघायच्या, उरलेला भूखंड नव्या आकारात परत. दहा टक्क्यांपर्यंत जमीन मोबदल्याशिवाय जाई, त्यापुढे भरपाई. 1924 मध्ये याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. पण प्रत्येक विभागात निवडून आलेल्या समित्या होत्या, आणि 65 विभागांत सुमारे 3 हजार हेक्टर जमीन नव्याने आखली गेली, दोन लाखांवर घरे हलवली गेली. हे करणारी माणसे गोतोने जमवलेली होती: 1919 चा नगररचना कायदा लिहिणारे इकेदा हिरोशी, भूकंपरोधक बांधकामाचे सानो तोशिकाता, पुलांचे ओता एन्झो. गोतोचा महापौरपदाच्या काळातला उपमहापौर नागाता हिदेजिरो स्वतः पुढे महापौर झाला. 44 मीटर रुंदीचा शोवा रस्ता, सुमिदा नदीवरचे लोखंडी पूल, आणि शाळांना लागून काढलेल्या 52 छोट्या बागा या त्या कामातून आल्या.

तेव्हा "आराखडा कोसळला" हेही मला पूर्ण पटत नाही. पैशाचा आराखडा कोसळला. पद्धत टिकली, कारण ती सुनावणीतून गेली.

प्रबंधासाठी एक सुचवतो. गोतोच्या कारकिर्दीचा तक्ता कालक्रमाने करू नका. प्रत्येक कामापुढे तीन रकाने काढा: पैसा कोणाचा, नकार कोण देऊ शकत होता, आणि किंमत कोणी मोजली. निनोशिमा, तैवान, मांचुरिया, रेल्वे, टोकियो, सगळे त्यात भरा. तैवानच्या ओळीतला तिसरा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागेल. तिथे घाई करू नका. आणि टोकियोला जाणे झाले तर बुंक्यो भागातली मोतोमाची बाग जरूर पाहा, 1930 ची, त्या 52 पैकी एक. उतारावर बसवलेली, शाळेला खेटून, पुढच्या आगीत मुलांना आणि शेजाऱ्यांना पळून यायला जागा म्हणून काढलेली. तिचा आकार पायांनी मोजा आणि त्यासाठी आजूबाजूच्या किती भूखंडांनी थोडे थोडे सोडले असेल ते तिथेच कागदावर काढून बघा.